भिंगामागचा पडदा

थोरल्या मावशीनं तांदूळ निवडायचं सोडलं, तेव्हा घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. सूप सुनेकडे सरकवून ती म्हणाली, "तूच बघ गं, माझं काही मन लागत नाही." मग पोथी वाचणं मागे पडलं. संध्याकाळी रस्ता ओलांडताना ती हात घट्ट धरू लागली. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा तिला फुटल्यासारखा, भोवती कडं असल्यासारखा दिसत होता. हे सगळं तिनं आम्हाला सांगितलं ते फार उशिरा, आणि एका वाक्यात: "डोळा करून तीन वर्षं झाली, मोतीबिंदू परत आला वाटतं. आता या वयात कुठं पुन्हा कापाकापी?"

मावशीचं हे वाक्य महाराष्ट्रातल्या हजारो घरांत वेगवेगळ्या तोंडून निघतं. त्यात दोन चुका आहेत. मोतीबिंदू परत येत नाही, येऊच शकत नाही. आणि जे आलेलं असतं, त्याला कापाकापी लागत नाही. डॉक्टर त्याला 'पडदा' म्हणतात. तो हटवायला खुर्चीवर बसल्या बसल्या काही मिनिटं पुरतात. पण हे माहीत नसल्यामुळे कित्येक म्हातारी माणसं वर्षानुवर्षं धूसर उजेडात दिवस काढतात. हे प्रकरण त्या पडद्याविषयी आहे.

मसुराएवढं भिंग

डोळ्याच्या बाहुलीमागे निसर्गानं एक पारदर्शक भिंग ठेवलं आहे. त्याचा व्यास साधारण ९ ते १० मिलिमीटर, जाडी चार-साडेचार मिलिमीटर. आकार मसुराच्या दाण्यासारखा दोन्ही बाजूंनी फुगीर. 'लेन्स' हा शब्दच मुळी लॅटिनमधल्या मसुराच्या नावावरून आला. हे भिंग एका पातळ, पारदर्शक पिशवीत असतं. पिशवीची मागची बाजू मधोमध इतकी पातळ असते, की एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले जेमतेम चार भरतील. आपल्या डोक्यावरचा केस त्याच्या पंधरा-वीसपट जाड असतो.

वय वाढतं तसं हे भिंग गढूळ होतं. तोच मोतीबिंदू. शस्त्रक्रियेत डॉक्टर हे गढूळ भिंग काढून टाकतात, मात्र पिशवी ठेवतात.

ते समजायला आमरस करताना आठवावा. देठाकडून आंब्याचं तोंड उघडायचं, आतला गर बाहेर काढायचा आणि साल अखंड ठेवायची. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत पिशवीच्या पुढच्या बाजूला साधारण पाच मिलिमीटरचं गोल तोंड उघडतात, आतलं भिंग फोडून शोषून घेतात आणि रिकाम्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. भिंग फोडायला बहुतेक ठिकाणी वापरतात तो ध्वनी, म्हणजे अतिवेगानं थरथरणारी सुई. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ही पद्धत आणली आणि तिची कल्पना त्यांना दात साफ करणाऱ्या ध्वनिलहरींच्या उपकरणावरून सुचली. आपल्याकडे सर्रास "लेझरनं मोतीबिंदू काढला" असं म्हणतात, तो बहुतेक वेळा याच यंत्राचा प्रताप असतो. अलीकडे काही मोठ्या रुग्णालयांत छेद घेण्यासाठी लेझर वापरतात, तरी भिंग शेवटी फोडून बाहेरच काढावं लागतं. पडदा हटवतो तो लेझर वेगळा, आणि त्याचं कामही वेगळं.

साल का ठेवतात?

पिशवी सगळीच काढून टाकली असती, तर पडदा आलाच नसता. एके काळी तसंच करत. भिंग पिशवीसकट बाहेर काढायचं आणि डोळ्यावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा चढवायचा. ज्यांचे आजी-आजोबा तो चष्मा लावत, त्यांना त्यामागचे मोठे दिसणारे डोळे आठवत असतील. त्या चष्म्यातून आजोबांनाही जग पाव पटीनं मोठं दिसे. पायरी होती त्याहून जवळ वाटायची, पाणी ओतताना भांडं चुकायचं, आणि चष्मा हरवला की माणूस पुन्हा जवळजवळ आंधळा.

या जाड चष्म्यातून सुटकेचा मार्ग दाखवला तो लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचांचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते. या 'काचा' खरं तर ॲक्रिलिक प्लास्टिकच्या होत्या. डोळ्यानं ते तुकडे निमूट सहन केले, सूज-बिज आली नाही, हे रिडली यांच्या ध्यानात आलं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी सेंट थॉमस रुग्णालयात त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. त्यांच्या समव्यावसायिकांनी बरीच वर्षं त्यांना विरोध केला. आज जगभर दर वर्षी कोट्यवधी डोळ्यांत भिंग बसतं.

हे भिंग डोळ्यात नीट टेकायला जागा हवी. निसर्गानं दिलेली पिशवी हीच त्याची सर्वांत चांगली जागा. शिवाय डोळ्याच्या मागच्या भागात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा एक घट्ट पारदर्शक द्रव असतो, त्याला पुढे यायला ही पिशवी अटकाव करते. म्हणून पिशवी राखायची, असं ठरलं. भारतात हा बदल मोठ्या प्रमाणावर १९९०च्या दशकात झाला. जागतिक बँकेच्या साहाय्यानं १९९४ पासून राबवलेल्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्रासह सात राज्यं होती, आणि त्याच काळात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबनं देशातच स्वस्त भिंगं बनवायला सुरुवात केली. जाड चष्मे गेले. पिशवी राहिली, आणि पिशवीबरोबर पडद्याची शक्यताही राहिली.

साबुदाण्यासारखे मोती

आंब्याची साल कितीही निपटून काढली, तरी आतल्या बाजूला थोडा गर राहतोच. पिशवीचंही तसंच आहे. तिच्या पुढच्या भागाच्या आतून आणि कडेच्या घडीत जिवंत पेशींचा एकपदरी थर असतो. आयुष्यभर याच पेशी भिंगाचे नवे तंतू बनवत असतात. शस्त्रक्रियेत डॉक्टर त्या शक्य तितक्या साफ करतात, पण कडेच्या खोबणीतल्या काही पेशी राहून जातात. यात कुणाची हयगय नसते. अतिशय निष्णात हातातूनही त्या राहतात, कारण त्या काढायला फार जोर केला तर ती नाजूक पिशवीच फाटेल.

राहिलेल्या पेशींना भिंग गेल्याचं कळत नाही. त्या आपलं काम चालू ठेवतात. हळूहळू सरकत पिशवीच्या मागच्या भिंतीवर पोहोचतात. मूळ डोळ्यात ही भिंत पेशींविना स्वच्छ असते. तिथे काही पेशी फुगून छोटे छोटे बुडबुडे तयार करतात. बाहुली मोठी करून, मागून उजेड येईल अशा बेतानं पाहिलं, तर तांबूस पार्श्वभूमीवर हे बुडबुडे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात. वैद्यकात त्यांना 'एल्श्निगचे मोती' म्हणतात. ऑस्ट्रियातले नेत्रतज्ज्ञ अँटोन एल्श्निग यांचं ते नाव. काही पेशी दुसरी वाट धरतात. त्या तंतू बनवतात, भिंतीवर पांढरट डाग आणि सुरकुत्या पाडतात. मोती असोत की सुरकुत्या, उजेड सरळ आत जाण्याऐवजी विखुरतो. म्हणूनच दिव्याभोवती कडं दिसतं, पांढऱ्या तांदळातला पांढरट खडा ओळखता येत नाही, आणि चष्म्याचा नंबर कितीही बदलला तरी धूसरपणा जात नाही.

हे किती जणांना होतं? १९९८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेनंतर एका वर्षात सुमारे १२ टक्के, तीन वर्षांत २१ टक्के आणि पाच वर्षांत २८ टक्के डोळ्यांत पडदा आढळला. त्यानंतर भिंगाची घडण सुधारली. ओसाकाचे ओकिहिरो निशी आणि इतरांनी दाखवून दिलं, की भिंगाच्या मागच्या कडेला गोलाईऐवजी धारदार कोन ठेवला, तर पेशी तिथेच अडतात. शेताच्या बांधाला पाणी थोपावं तसं. आज बहुतेक भिंगं अशा कडेची असतात आणि पडद्याचं प्रमाण घटलं आहे. पण बांध घातला म्हणून पाणी कायमचं थांबतंच असं नाही. लहान मुलांत तर पेशी इतक्या जोमानं वाढतात, की पडदा जवळजवळ हमखास येतो. म्हणून लहान मुलाचा मोतीबिंदू काढतानाच डॉक्टर पिशवीची मागची भिंत मधोमध उघडून ठेवतात आणि तिच्यामागचा थोडा द्रवही काढून घेतात.

न दिसणारा उजेड

लेझर येण्यापूर्वी हा पडदा उघडायला डोळ्यात बारीक सुई किंवा पातं घालावं लागे. पुन्हा शस्त्रक्रियागृह, पुन्हा जंतुसंसर्गाची भीती. १९८०च्या सुमाराला पॅरिसच्या डॅनिएल आरों-रोझा आणि स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे फ्रान्झ फांकहाउजर यांनी, आपापल्या परीनं, हे काम डोळा न उघडता करून दाखवलं. त्यांच्या हाती होता एनडी-याग लेझर. 'याग' म्हणजे इट्रियम आणि ॲल्युमिनियमपासून बनवलेला गार्नेटचा कृत्रिम स्फटिक, आणि त्यात निओडिमियम या धातूचे थोडे अणू पेरलेले. अंगठीत घालतात तो गोमेद गार्नेटच्याच कुळातला खडा. या स्फटिकाचा लेझर बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये तयार झाला. डोळ्यापर्यंत पोहोचायला त्याला आणखी पंधरा वर्षं लागली.

या लेझरचा किरण अवरक्त आहे, त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, म्हणजे डोळ्याला न दिसणारी. म्हणून नेम धरायला यंत्रात एक क्षीण लाल ठिपका सोबत सोडलेला असतो. डॉक्टर तो ठिपका पडद्यावर नेमका बसवतात आणि कळ दाबतात.

पुढे जे होतं, त्याला 'जाळणं' म्हणणं चूक आहे. एका ठोक्याची ऊर्जा असते एक ते दोन मिलिज्यूल. चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम मीठ वीतभर उंच उचलायला जेवढी ऊर्जा लागते, साधारण तेवढीच. पण ती सेकंदाच्या अब्जांश भागांत, केसाहून कितीतरी बारीक ठिपक्यावर ओतली जाते. तेवढ्या क्षणापुरती तिथली शक्ती लाखो वॉटच्या घरात जाते. त्या बिंदूतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटून सूक्ष्म ठिणगी पडते आणि तिच्या दणक्यानं पडद्याला भोक पडतं. आजूबाजूला उष्णता पसरायला वेळच मिळत नाही. किरण पुढच्या स्वच्छ पारपटलातून आणि कृत्रिम भिंगातून मुकाट्यानं पार होतो, कारण त्याची सगळी धार केंद्रबिंदूवरच असते. पिशवी आधीच ताणलेली असते, त्यामुळे ताठ बसलेल्या कापडाला कात्री लावावी तशी ती भोकाच्या कडेनं आपसूक मागे सरकते. डॉक्टर फुलीच्या आकारात एकामागोमाग ठोके देत मधोमध तीन-चार मिलिमीटरची खिडकी उघडतात. पडद्याचा बाकीचा भाग तसाच राहतो आणि भिंगाला धरून ठेवतो.

खुर्चीवरची काही मिनिटं

मावशीबरोबर मी गेलो होतो. आधी तिच्या डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी केली. त्याला अर्धा-पाऊण तास गेला. मग डोळा बधिर करणारा थेंब. नंतर एरवी तपासणीला वापरतात तसंच यंत्र, हनुवटी टेकायची, कपाळ पट्ट्याला लावायचं. एका छोट्या भिंगानं डॉक्टरांनी तिची पापणी उघडी धरली. मावशीनं माझा हात पकडला होता. "हलू नका हं, आजी. टक टक असा आवाज येईल, दुखणार नाही." आवाज आला. तिची बोटं पहिल्या ठोक्याला आवळली आणि पाचव्या-सहाव्या ठोक्याला सैल झाली. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील. पट्टी नाही, टाका नाही. तिनं विचारलं, "झालं?" आणि उत्तर ऐकूनही ती खुर्चीवरून लगेच उठली नाही.

तासाभरानं डोळ्याचा दाब तपासला. फुटलेल्या पडद्याचे कण डोळ्यातल्या द्रवाचा निचरा अडवून दाब वाढवू शकतात, म्हणून ही तपासणी आणि दाब उतरवणारा थेंब महत्त्वाचे असतात. मग काही दिवस सूज उतरवणारे थेंब. बाहुली मोठी असल्यानं त्या दिवशी उजेड डोळ्यात खुपतो, गाडी चालवू नये. काही दिवस डोळ्यासमोर काळे ठिपके, माश्या तरंगल्यासारखं वाटतं, ते पडद्याचेच तुकडे. हळूहळू ते खाली बसतात किंवा विरून जातात. दुसऱ्या दिवशी मावशीनं सूप मागवलं. खडे वेचून झाल्यावर तिनं सुनेला एवढंच म्हटलं, "इतके दिवस तुम्ही खडे खात होतात."

घाई नको, उशीरही नको

हा उपचार सोपा आहे म्हणून तो कोणीही, कधीही करून घ्यावा असा नाही. धूसर दिसण्याची कारणं अनेक. मधुमेहानं दृष्टिपटल बिघडलेलं असू शकतं, काचबिंदूनं नजरेचा घेर कडेनं कमी होत असू शकतो, दृष्टिपटलाच्या मधल्या भागात सूज असू शकते. पडदा असला तरी तोच दोषी आहे का, हे मागचं दृष्टिपटल तपासून ठरवावं लागतं. शिवाय एकदा खिडकी उघडली की भिंग बदलायची वेळ आलीच, तर ते काम अवघड होतं. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने डॉक्टर शक्यतो थांबतात आणि पातळ पडद्याला, नजर चांगली असेल तर, हात लावत नाहीत.

धोके थोडे आहेत, पण आहेत. डोळ्याचा दाब तात्पुरता वाढणं, भिंगावर बारीक ओरखडे, आत सूज, आणि क्वचित दृष्टिपटल सुटणं. ज्यांचा वजा नंबर मोठा होता त्यांना शेवटच्या धोक्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. लेझरनंतर दिवसांनी असो की महिन्यांनी, डोळ्यात विजेसारखे लखलखाट दिसू लागले, काळ्या ठिपक्यांचा अचानक पाऊस पडला किंवा बाजूनं सावलीचा पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. त्यात एक दिवसही वाया घालवू नये.

मोठ्या माणसांत उघडलेली खिडकी सहसा पुन्हा बंद होत नाही. म्हणजे बहुतेकांना एका डोळ्यासाठी हा उपचार आयुष्यात एकदाच लागतो.

तुमच्या घरात

मोतीबिंदूची शिबिरं गावोगाव भरतात, डोळे होतात, आणि आपण तो विषय संपला असं समजतो. पण पडदा येतो तो दोन, तीन, पाच वर्षांनी. तेव्हा शिबिर नसतं, आठवण करून देणारं कुणी नसतं. म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत. ती सूप दुसऱ्याकडे सरकवतात, वाचायचं सोडतात, तिन्हीसांजेनंतर बाहेर पडत नाहीत, आणि आपण त्याला वय म्हणतो.

घरात ज्यांचा मोतीबिंदू काढला आहे, त्यांना महिन्यातून एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर नेहमीच्या एकाच जागी उभं करा. एक डोळा हातानं झाकून दुसऱ्यानं तारीख आणि तिच्याखालची बारीक अक्षरं वाचायला सांगा. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो, म्हणून एकेक करूनच पाहा. मागच्या महिन्यात वाचता आलं ते या महिन्यात येत नसेल, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. आणि जाताना त्या म्हाताऱ्या माणसाला घरातूनच सांगून टाका: मोतीबिंदू परत आलेला नाही, आणि पडदा असेलच तर त्यासाठी पुन्हा कापाकापी लागत नाही.